वाघ वय विचारतो का?

अर्ज लिहून देण्याचा माझा रोग वाचकांना माहीत आहे. परवा आंबेगावला आक्काकडे गेलो, तर चपला काढायच्या आत भाचा कोरा कागद घेऊन हजर. मागे पाच-सहा पोरं. "मामा, बंदुकीच्या परवान्याचा अर्ज लिहून द्या. सगळ्यांचा एकच मजकूर चालेल."

कारण अर्थातच वाघ. (जुन्नर-आंबेगावात बिबट्याला वाघच म्हणतात.) २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड परिसरात तीन जीव गेले, त्यातली दोन लेकरं. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक रस्ता अडवला, तेव्हा कुठे नेमबाज आले आणि बिबट्या मारला गेला. रस्त्यात आडवं होण्याची विद्या इथे जुनीच. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाच्या ट्रकपुढे जीव देणारा बाबू गेनू आंबेगाव तालुक्यातल्याच महाळुंगे पडवळचा.

"वय किती तुझं?"

"वीस."

"कायद्यात एकवीस लागतं."

"वाघ वय विचारतो का?"

यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी अमेरिकेत गेलो. तुझ्याहून लहान पोरांनी २०१८ साली बंदुका आवरा म्हणून वॉशिंग्टनला मोर्चा नेला, म्हटलं. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत सतरा जण गोळीबारात गेले होते.

"त्यांच्याकडं ऊस नसंल," भाचा म्हणाला.

फ्लोरिडात ऊस चिक्कार पिकतो, पँथरही आहे. पण मी गप्प बसलो. वाद घालायला गेलो की चहा थंड होतो, हा माझा जुना अनुभव.

तेवढ्यात आतून आक्का बोलली. "आणा की बंदूक. वाघ वर्षातनं दोनदा दिसतो, बांधाचं भांडण रोजचं हाय."

पोरं एकदम पायाकडे बघू लागली. गेल्या पावसाळ्यात वीतभर बांध कोरला म्हणून आमचा हा पठ्ठ्या चुलत्यावर खोरं घेऊन धावला होता. चुलत्याच्या दंडाला तीन टाके पडले. दिवाळीत तो फराळाला आला, चकल्या कडक झाल्यात म्हणाला आणि सहा खाल्ल्या. त्या चकल्या खरंच कडक होत्या. आक्काला भाजणी कधीच जमली नाही, हे मी या सदरात पूर्वीही लिहून बोलणी खाल्ली आहेत.

शेवटी अर्ज लिहिला तो विजेचा. रात्री दोनला लाईट येते, म्हणून पोरं बॅटरी घेऊन उसात पाण्याला दारं धरायला जातात आणि तिथेच वाघाची गाठ पडते. तेव्हा थ्री फेज दिवसा द्या. सगळ्यांनी सह्या केल्या. भाच्याने सही करताना हळूच सांगितलं, "येत्या वैशाखात एकवीस पुरी होत्यात, मामा."

आक्काचे कान तिखट. "पुढल्या खेपेला येशील," ती मला म्हणाली, "तवा पेन घरी ठेवून ये."