पनामा कालवा: एका जहाजामागे २० कोटी लिटर गोडं पाणी, ते येतं कुठून?

नोव्हेंबर २०२३ मध्ये जपानमधल्या एका कंपनीने पनामा कालव्याच्या रांगेत पुढचा नंबर मिळवण्यासाठी लिलावात जवळपास ४० लाख डॉलर मोजले. तेव्हाच्या दराने हे झाले सुमारे ३३ कोटी रुपये. तेही फक्त नंबरासाठी, कालव्यातून जाण्याचा टोल वेगळा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कालव्याच्या दोन्ही तोंडांशी शंभरहून जास्त जहाजं नांगर टाकून उभी होती. युद्ध नव्हतं, संप नव्हता, एखादं जहाज आडवं होऊन अडकलंही नव्हतं. पाऊस पडला नव्हता, एवढंच.

एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक. असे दोन महासागर शेजारी असताना कालव्याला पाणी कमी पडतंच कसं? याचं उत्तर कालवा कसा बांधला यात आहे. आणि आता ज्या गावांवर पाण्याखाली जायची वेळ आली आहे, त्यांची गोष्टही तिथूनच सुरू होते.

सुएझमध्ये जमलं, पनामात का नाही?

फर्डिनांड द लेसेप्स हा फ्रान्सचा मुत्सद्दी. इंजिनिअर नव्हता, पण पैसा आणि माणसं उभी करण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्याच्या पुढाकाराने १८५९ मध्ये सुएझ कालव्याचं काम सुरू झालं. सुरुवातीची काही वर्षं इजिप्तच्या शेतकऱ्यांना वेठबिगारीने या कामावर जुंपलं गेलं. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी कालवा खुला झाला आणि आफ्रिकेला वळसा घालायची गरज संपली. मुंबई ते लंडन हा जवळपास २० हजार किलोमीटरचा सागरी प्रवास साडेअकरा हजार किलोमीटरच्या आसपास आला. मुंबई बंदराच्या भरभराटीत या कालव्याचा मोठा वाटा आहे.

सुएझची जमीन सपाट आणि वाळूची. भूमध्य समुद्र आणि तांबडा समुद्र यांच्या पातळीत फार फरक नाही. त्यामुळे सरळ चर खणला आणि समुद्राचं पाणी आत आलं.

लेसेप्सला वाटलं, पनामातही असंच होईल. १८८१ मध्ये त्याच्या कंपनीने काम सुरू केलं. पण इथे वाळवंट नव्हतं. मध्ये डोंगर, घनदाट जंगल, खणलं की परत खाली घसरणारी चिकणमाती आणि पावसाळ्यात बेफाम होणारी चाग्रेस नदी होती.

त्यात हिवताप आणि पीतज्वर. हे आजार डास पसरवतात, हे तेव्हा सिद्ध झालं नव्हतं. मुंग्या चढू नयेत म्हणून फ्रेंच दवाखान्यांत खाटांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत. त्याच पाण्यात डासांची पैदास व्हायची. फ्रेंचांच्या काळात सुमारे २० हजार माणसं मेली असा अंदाज आहे. शेवटी समुद्रसपाटीचा हट्ट सोडून लॉक बांधायचं ठरलं, त्याचं कंत्राट आयफेल टॉवरवाल्या गुस्ताव्ह आयफेल यांना मिळालं. पण तोवर उशीर झाला होता. १८८९ मध्ये कंपनी बुडाली आणि तिच्याबरोबर फ्रान्समधल्या लाखो सामान्य गुंतवणूकदारांचे पैसेही बुडाले.

अमेरिकेने नदीच अडवली

पनामा तेव्हा कोलंबियाचा भाग होता. नोव्हेंबर १९०३ मध्ये अमेरिकेच्या पाठबळावर तो वेगळा झाला. दोनच आठवड्यांत कालव्याचा करार झाला. त्यात कालव्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा कायमचा अमेरिकेच्या ताब्यात गेला. पनामाच्या वतीने या करारावर सही केली ती फिलिप ब्युनो-व्हारिया या फ्रेंच माणसाने. पनामातल्या एकाही नागरिकाची त्यावर सही नव्हती.

१९०४ मध्ये अमेरिकेने काम हाती घेतलं. तोवर एक मोठी गोष्ट बदलली होती. हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये आपल्याकडच्या सिकंदराबादमध्ये दाखवून दिलं होतं. पीतज्वराचा डासांशी असलेला संबंधही क्युबामध्ये सिद्ध झाला होता. त्यामुळे लष्करी डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी आधी डासांविरुद्ध मोहीम उघडली. डबकी बुजवली, साठलेल्या पाण्यावर तेल टाकलं, खिडक्यांना जाळ्या बसवल्या.

तरी अमेरिकेच्या काळातही ५,६०० हून जास्त कामगारांचा जीव गेला. त्यातले बहुतेक बार्बाडोससारख्या कॅरिबियन बेटांवरून आलेले कृष्णवर्णीय मजूर होते. गोऱ्या अमेरिकनांना पगार सोन्याच्या नाण्यांत आणि या मजुरांना चांदीच्या नाण्यांत मिळायचा. राहायच्या जागा, दवाखाने, दुकानं, सगळं या हिशोबाने वेगळं.

इंजिनिअरिंगच्या दृष्टीने खरी युक्ती नदीत होती. ज्या चाग्रेस नदीने फ्रेंचांना जेरीस आणलं, तिच्यावरच अमेरिकेने गाटुन इथे धरण बांधलं. त्यातून तयार झालेलं गाटुन सरोवर तेव्हा जगातलं सगळ्यात मोठं मानवनिर्मित सरोवर होतं. डोंगर समुद्रसपाटीपर्यंत कापण्याऐवजी जहाजच वर उचलायचं ठरलं. १५ ऑगस्ट १९१४ रोजी सुमारे ८० किलोमीटरचा हा कालवा खुला झाला. न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हा समुद्रमार्ग तब्बल १३ हजार किलोमीटरने कमी झाला.

जहाज वर चढतं कसं?

लॉक म्हणजे जहाजासाठी पाण्याची लिफ्ट. जहाज काँक्रीटच्या एका प्रचंड हौदात शिरतं, मागचा दरवाजा बंद होतो, वरच्या सरोवरातून पाणी सोडलं जातं आणि हौद भरेल तसं जहाज वर येतं. मग पुढचा दरवाजा उघडतो. अटलांटिककडून येणारं जहाज अशा तीन पायऱ्या चढून समुद्रापेक्षा २६ मीटर उंचावर असलेल्या गाटुन सरोवरात पोहोचतं. सरोवर ओलांडतं, डोंगर फोडून केलेल्या कुलेब्रा घळीतून जातं आणि पलीकडे तीन पायऱ्या उतरून पॅसिफिकमध्ये शिरतं. एवढ्या प्रवासाला आठ ते दहा तास लागतात.

हौद भरायला पंप लागत नाही. पाणी उताराने आपोआप येतं. ही या कालव्याची सगळ्यात हुशार गोष्ट आहे आणि सगळ्यात कमकुवत बाजूही. कारण पायरी उतरताना हौदातलं पाणी खाली सोडावं लागतं आणि शेवटी ते समुद्राला मिळतं. एका जहाजामागे सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी असं वाहून जातं.

हा आकडा किती मोठा आहे? अख्ख्या मुंबईला रोज साधारण ४०० कोटी लिटर पाणी पुरवलं जातं. म्हणजे २० जहाजं गेली की मुंबईचं एका दिवसाचं पाणी संपलं. पनामा कालव्यातून एरवी दिवसाला ३६ च्या आसपास जहाजं जातात.

२०१६ मध्ये आणखी मोठ्या जहाजांसाठी नवे लॉक सुरू झाले. त्यांच्या शेजारी साठवण टाक्या आहेत आणि त्यामुळे ६० टक्के पाणी पुन्हा वापरता येतं. पण नव्या लॉकमधून समुद्राचं खारं पाणी सरोवरात जास्त शिरतं, ही नवी काळजी निर्माण झाली. कारण गाटुन सरोवर फक्त जहाजांसाठी नाही. पनामाची लोकसंख्या ४५ लाखांच्या घरात आहे. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांचं पिण्याचं पाणी गाटुन आणि त्याच खोऱ्यातल्या अलाहुएला सरोवरातून येतं.

२०२३ मध्ये काय झालं?

एल निन्योच्या त्या वर्षी पनामात पाऊस सरासरीपेक्षा सुमारे एक चतुर्थांश कमी झाला. ऑक्टोबर हा तिथला भर पावसाचा महिना. पण २०२३ चा ऑक्टोबर १९५० पासूनच्या नोंदींमध्ये सगळ्यात कोरडा ठरला. सरोवराची पातळी खाली गेली. जहाजं कमी माल भरून पाठवा, असं कंपन्यांना सांगावं लागलं. रोजच्या जहाजांची संख्या टप्प्याटप्प्याने घटवत जानेवारी २०२४ मध्ये २४ वर आणली गेली. रांगेतल्या नंबराचा लिलाव ३३ कोटींवर गेला तो याच काळात.

नेमकं तेव्हाच दुसरं दारही अडलं. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांनी सुएझकडे पाठ फिरवली. याची झळ थेट नाशिकपर्यंत पोहोचली. युरोपला जाणारे द्राक्षांचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले. नाशवंत माल साधारण दोन आठवडे जास्त समुद्रात राहिला आणि भाडंही वाढलं. इजिप्तला सुएझमधून २०२३ मध्ये १० अब्ज डॉलरहून जास्त उत्पन्न मिळालं होतं, ते पुढच्या वर्षी ४ अब्जांवर घसरलं.

दोन्ही कालव्यांचा फरक इथे दिसतो. सुएझला पाण्याची चिंता नाही, त्याला धोका युद्धाचा. पनामात तोफा नाहीत, पण तिथे सगळा भरवसा पावसावर.

भांडण मालकीचं की पाण्याचं?

पनामा कालवा बातम्यांत येतो तो बहुतेक वेळा मालकीवरून. कालव्याच्या पट्ट्यात पनामाचा झेंडा लावण्यावरून जानेवारी १९६४ मध्ये दंगल उसळली, त्यात पनामाचे २० हून जास्त नागरिक मारले गेले. पुढे १९७७ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि पनामाचे नेते ओमर तोरिहोस यांच्यात करार झाला. त्यानुसार ३१ डिसेंबर १९९९ रोजी कालवा पूर्णपणे पनामाकडे आला.

जानेवारी २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी शपथविधीच्या भाषणातच कालवा चीन चालवतो असा दावा करत तो परत घेण्याची भाषा केली. प्रत्यक्षात कालवा पनामा सरकारचं स्वायत्त प्राधिकरण चालवतं. दोन्ही टोकांची बाल्बोआ आणि क्रिस्टोबल ही बंदरं तेव्हा हाँगकाँगच्या एका कंपनीकडे होती. बंदर आणि कालवा या वेगळ्या गोष्टी आहेत. पण सोशल मीडियावर दोन्हींची सरमिसळ झाली.

या गदारोळात पाण्याची बातमी मागे पडली. जुलै २०२४ मध्ये पनामाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ चा एक कायदा रद्द केला. कालव्याचं पाणलोट क्षेत्र वाढवण्यात आणि नवी धरणं बांधण्यात त्या कायद्याचा अडथळा होता. तो दूर होताच कालव्याच्या पश्चिमेला असलेल्या रिओ इंदिओ नदीवर धरण बांधायच्या योजनेने वेग घेतला. बोगद्यातून या धरणाचं पाणी गाटुन सरोवरात आणायचं, असा बेत आहे. खर्च सुमारे १.६ अब्ज डॉलर. २०२७ मध्ये बांधकाम सुरू करायचं नियोजन आहे.

या धरणामुळे दोन हजारांहून जास्त लोकांना घरं सोडावी लागतील. ही शेती आणि गुरांवर जगणारी कुटुंबं आहेत. मे २०२५ मध्ये त्यांनी होड्यांमधून नदीतच मोर्चा काढला.

दोन्ही बाजूंचं म्हणणं काय?

प्राधिकरणाची बाजू अशी: कालवा दर वर्षी सरकारी तिजोरीत दोन अब्ज डॉलरहून जास्त भर घालतो. २०२३ सारखा दुष्काळ पुन्हा पडला आणि जहाजांनी दुसरे मार्ग कायमचे धरले, तर नुकसान सगळ्या देशाचं आहे. धरणातून पिण्यासाठीही पाणी मिळेल. विस्थापितांना भरपाई आणि नवी घरं देण्याची तयारी आहे.

गावकरी विचारतात, कालव्याचा पैसा इतकी वर्षं येतोय, तर आमच्याकडे धड रस्ता आणि दवाखाना का नाही? भरपाई घराची मिळेल, पण नदीकाठच्या जमिनीचं काय?

त्यांच्या शंकेला इतिहासाचा आधार आहे. गाटुन सरोवर भरलं तेव्हा चाग्रेसच्या काठची गावं पाण्याखाली गेली. १९१२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट यांनी कालव्याचा पट्टा रिकामा करण्याचा आदेश काढला आणि जी गावं बुडणार नव्हती, तीही हलवली गेली. तेव्हा निर्णय वॉशिंग्टनमध्ये झाला होता. या वेळी तो पनामा सिटीमध्ये होतो आहे, स्वतःच्याच नागरिकांबद्दल.

पर्याय नाहीत असं नाही. पाण्याचा फेरवापर वाढवणं, आहे त्या सरोवरांची साठवण क्षमता वाढवणं, कोरड्या महिन्यांत जहाजं कमी सोडणं असे मार्ग आहेत. पण जास्त जहाजं आणि खात्रीचं पाणी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या असतील, तर धरणाशिवाय इलाज नाही, असं प्राधिकरण म्हणतं. म्हणून या वादात मूळ प्रश्न धरणाच्या आधी येतो: कालव्यातून दिवसाला किती जहाजं जायलाच हवीत, आणि तो आकडा ठरवताना रिओ इंदिओच्या खोऱ्यातल्या लोकांना विचारलं जाणार का?