अस्सल आणि नक्कल

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी माळ्यावरचे सामान खाली येते आणि माझा एक रविवार त्यात खर्ची पडतो. यंदाही मी जुन्या फायली चाळीत बसलो होतो. ‘लागेल ते ठेवा, नाही ते रद्दीत घाला,’ अशी घरातून आज्ञा झाली होती. पण कोणता कागद पुढे लागेल, हे सांगायला ज्योतिषीच हवा! तेवढ्यात एक पिवळट झेरॉक्स हाती लागली. माझा शाळा सोडल्याचा दाखला, साल १९९५. खाली जांभळ्या शाईचा शिक्का, ‘सत्यप्रत’ ही अक्षरे आणि त्यावर ठसठशीत सही. ती पाहिली आणि रद्दीचे काम तिथेच थांबले.

सही होती सदाशिव पेठेतल्या आमच्या समोरच्या वाड्यातल्या काकांची. मिलिटरी अकौंट्समधून निवृत्त झालेले हे गृहस्थ सरकारने नेमलेले मानद अधिकारी होते. पगार नाही, भत्ता नाही, मान तेवढा. पदाचे नाव इतके लांबलचक की पेठेने ते ‘सहीवाले काका’ एवढ्यावर आटोपले होते. त्यांच्या दारावर पाटी होती: ‘सही सकाळी ७ ते ९. मूळ कागद आणला नसल्यास कडी वाजवू नये.’

हे पद तसे जुन्या घराण्यातले. इंग्लंडात ‘जस्टिस ऑफ द पीस’ची परंपरा १३६१ च्या कायद्यापर्यंत मागे जाते. आपल्याकडे १८३४ साली मुंबईत नाना शंकरशेट, जमशेटजी जिजीभाई यांच्यासारख्या एतद्देशीयांना प्रथम हा मान मिळाला. नावापुढे ‘जे. पी.’ लागले की गृहस्थाची छाती दोन बोटे रुंद होई. पुढे १ एप्रिल १९७४ पासून नवी फौजदारी प्रक्रिया संहिता अमलात आली, तीत विशेष कार्यकारी दंडाधिकारी नेमण्याची सोय होती. आणि महाराष्ट्रात कालांतराने ‘विशेष कार्यकारी अधिकारी’ हे नाव रूढ झाले. नोटरी तो वेगळा. तो १९५२ च्या कायद्याखाली नेमला जातो आणि कामाची फी घेतो. काकांची फी एकच होती. पेन आपले आणावे लागे.

त्या जून महिन्यात अकरावीचा अर्ज भरायचा होता. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मी आठ वाजता कागद घेऊन हजर झालो. काकांनी चष्मा पुसला, दाखला डावीकडे आणि झेरॉक्स उजवीकडे ठेवली, आणि दोन्हींवर एकेक बोट ठेवून ते ओळीओळीने खाली उतरू लागले. मला घाई. मनात म्हटले, यंत्राने काढलेल्या नकलेत काय पाहायचे ते! जन्मतारखेपाशी दोन्ही बोटे थांबली.

“नक्कल अगदी खरी आहे रे,” काका म्हणाले, “पण अस्सलच चुकले आहे!”

पाहतो तो काय, अंकांत लिहिले होते १२ आणि अक्षरांत एकवीस. दाखला महिनाभर घरात होता. आम्हां कुणाच्या ते ध्यानात आले नव्हते.

“काका, आज सही तर करा. दुरुस्ती मागाहून करतो.”

“नियमाने मी करू शकतो. प्रत बरोबरच आहे. पण मग तू दुरुस्ती करणार नाहीस. आधी शाळेत जा. मी संध्याकाळी घरीच आहे.”

मी रागाने जिना उतरलो. वडिलांनी मात्र कचेरीला अर्धी रजा टाकली. शाळेतल्या जनरल रजिस्टरात एकवीसच होते. कारकुनाने दाखला बदलून दिला, आणि संध्याकाळी पाटीवरची वेळ मोडून काकांनी सही केली. हीच ती सही.

माझ्या एका वर्गमित्राच्या दाखल्यात अशीच गफलत होती. त्याच्या नकलांवर कुणीतरी गठ्ठ्याने शिक्के मारले होते. वर पाहिले नाही, खाली पाहिले नाही. पुढे परदेशी नोकरी लागली आणि पासपोर्टच्या वेळी चूक उघडी पडली. कागदपत्रे जमवण्यात इतके दिवस गेले की ती नोकरी दुसऱ्याच कुणाला मिळाली.

असे शिक्के वाढले म्हणूनच लोक या साक्षांकनाला हसू लागले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने बहुतेक कामांसाठी ज्याची त्यानेच केलेली सही मान्य केली. झाले ते योग्यच झाले. आपल्याच गुणपत्रिकेसाठी परक्याच्या दारात हात जोडून उभे राहावे, यात नागरिकाचा मान कसला? तरीही हे पद संपलेले नाही. २०२५ साली सरकारने दर पाचशे मतदारांमागे एक विशेष कार्यकारी अधिकारी नेमण्याचे जाहीर केले. तिकडे सिडनीला असलेला माझा भाचा सांगतो की, तेथील वाचनालयांत असे स्वयंसेवक ठरल्या वेळी टेबल मांडून बसतात आणि एक पैसाही न घेता कागद तपासून सही करतात. पाटी न लावणारे काकाच ते!

नेमणुका किती होतात, याला माझ्या लेखी फारसे महत्त्व नाही. बोट ठेवून वाचणारे त्यांत किती निघतात, ते खरे. आपली चूक आपल्याला दिसत नाही, म्हणून तर दुसरे डोळे लागतात. सही आपली चालत असली, तरी कागद एकदा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा. त्याला शिक्का लागत नाही.

काकांना जाऊन बरीच वर्षे झाली. वाडाही गेला, तेथे आता सहा मजली इमारत आहे. त्या दिवशी मी त्यांचे आभार मानले नव्हते आणि पुढे मानायचे राहूनच गेले. परवा कन्या प्रवेशाच्या बारा प्रतींवर भराभर सह्या करीत होती. मी तिच्यासमोर बसलो, अस्सल डावीकडे घेतले, नक्कल उजवीकडे.

“बाबा, मशीनने काढलेली आहे ती!”

“असू दे,” मी म्हटले आणि बोट पहिल्या ओळीवर ठेवले.

ती पिवळट झेरॉक्स मात्र रद्दीत गेली नाही.