ओढण्याचे बळ आणि थांबण्याचे बळ

ट्रॅक्टर खरेदी करताना शेतकऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘किती एचपीचा?’ ट्रॉली घेताना दुसरा प्रश्न येतो : ‘किती टन बसेल?’ या दोहोंच्या मध्ये तिसराही एक प्रश्न आहे. भरलेली ट्रॉली मागे असताना हा ट्रॅक्टर वेळेवर थांबेल काय? जिवाशी गाठ असते ती याच प्रश्नाची, आणि नेमका तोच बहुधा विचारला जात नाही.

कोल्हापूर-सांगलीपासून पश्चिम उत्तर प्रदेशापर्यंत उसाच्या गाळप हंगामात रस्त्यांवरून भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. महाराष्ट्रात तर एका ट्रॅक्टरमागे अनेकदा दोन ट्रॉल्या असतात. एवढा भार ट्रॅक्टर ओढतो, याचा अर्थ तो त्याला पेलतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती फसवी आहे. सपाट डांबरी रस्त्यावर एक टन भार चालता ठेवण्यास साधारणपणे वीस किलो वजनाइतका जोर पुरतो. त्यामुळे दहा टनांची ट्रॉली ४५ एचपीचा ट्रॅक्टर सहज नेतो आणि चालकाला भाराची खरी जाणीवच होत नाही.

थांबण्याचे गणित निराळे आहे. बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक केवळ मागच्या चाकांवर चालतात आणि शेतीच्या असंख्य ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. म्हणजे मागचा सारा भार ट्रॅक्टरच्या दोन चाकांनी रोखायचा असतो. एक ढोबळ हिशेब पाहावा. दोन टनांचा ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटर वेगाने एकटा जात असेल, तर ब्रेक लागल्यापासून सुमारे चार मीटरमध्ये थांबेल. चार चाकांची, मालासह दहा टनांची, बिनब्रेकची ट्रॉली जोडली की हेच अंतर १८ ते १९ मीटर होते. वीस मीटरला एक मीटर अशा साध्या उतारावर ते ४५ मीटरच्या घरात जाते. त्याच उतारावर रस्ता ओला असेल, तर शंभर मीटरही अपुरे पडतात. उतार याहून थोडा अधिक असल्यास ब्रेक पूर्ण दाबूनही गाडी थांबेलच असे नाही. उलट, ट्रॉलीचा एकूण भार पाच टनांवर ठेवला, तर त्याच ओल्या उतारावर ती सुमारे ३६ मीटरमध्ये थांबू शकते. भार निम्मा केला, तर अंतर तिपटीहून अधिक घटते!

यावर व्यवहारी आक्षेप निघतो. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, हंगाम चार-पाच महिन्यांचा असतो आणि हप्ता ठरल्या तारखेला द्यावाच लागतो. मग भार कमी कसा करावा? हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच सारा दोष चालकाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरते. ज्या कर्जाचा हप्ता अतिरिक्त भाराशिवाय निघतच नाही, ते कर्ज मंजूर होतानाच कोठेतरी हिशेब चुकलेला असतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार मर्यादेपेक्षा अधिक भार वाहिल्यास २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये अशी दंडाची तरतूद आहे. त्यात क्लच, टायर आणि डिझेल यांचा खर्च मिळवला, तर जादा खेपेची कमाई किती उरते, हे कागदावर मांडून पाहण्याजोगे आहे.

कर्जप्रस्ताव तपासताना ट्रॅक्टरचे आणि ट्रॉलीचे दरपत्रक अनेकदा दोन स्वतंत्र वस्तू म्हणून पाहिले जाते. वस्तुतः ती एक जोडी आहे. ट्रॅक्टर-उत्पादकाने ओढण्यासाठी घालून दिलेली भारमर्यादा आणि ट्रॉलीचे मालासह एकूण वजन शेजारी-शेजारी ठेवून पाहण्यास शाखेतील अधिकाऱ्याला पाच मिनिटेही लागणार नाहीत. ट्रॉली गावच्या कारखान्यात बनवून घेतलेली असेल, तर तिची क्षमता, नोंदणी आणि विमा यांची विचारपूस अधिकच कसोशीने व्हावी. ब्रेक असलेल्या ट्रॉलीसाठी लागणारी वाढीव रक्कम ही चैन न मानता कर्जाचा भाग मानावी.

ग्राहकाच्या हातीही बरेच काही आहे. रस्त्यावर उतरण्यापूर्वी ब्रेकचे डावे-उजवे पेडल खिळीने एकत्र जोडावेत. एकाच चाकाला ब्रेक लागला, तर ट्रॅक्टर वळून उलटू शकतो. जोडाच्या पिनेला लॉक आणि सोबत सुरक्षा-साखळी असावी. जोड उत्पादकाने दिलेल्या जागीच, खाली असावा. तो उंच लावल्यास चढावर पुढची चाके उचलली जातात. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि डिझेल वाचवण्यासाठी गाडी कधीही न्यूट्रल करू नये. ट्रॉलीच्या मागे दिवा व परावर्तक नसतील, तर अंधारात मागून येणारा दुचाकीस्वार तिच्यावर आदळतो. त्याचा त्यात काडीचाही दोष नसतो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण बँकेच्या दारात नेहमी पैशाच्या संदर्भात ऐकू येते. ट्रॅक्टरच्या बाबतीत हे अंथरूण म्हणजे त्याची ओढण्याची ताकद नव्हे, थांबण्याची ताकद होय. तेवढाच भार जोडला, तर हप्ताही फिटेल आणि तो फेडणारा माणूसही सुखरूप घरी पोहोचेल.