सत्कार पुरे, आता पहिला चेक

जून-जुलै आला की आपल्या मोहल्ल्यांत गुणवंतांच्या सत्काराचे कार्यक्रम सुरू होतात. दहावी, बारावी, नीट, इंजिनिअरिंग. शाल, ट्रॉफी, पाहुण्यांचं भाषण आणि शेवटी बिर्याणी. अशा दोन ट्रॉफ्या मी स्वतः घरी नेल्या आहेत आणि अलीकडे पाहुणा म्हणून वाटल्याही आहेत. या कार्यक्रमांना नावं ठेवायची नाहीत, त्यांनी एका पिढीला शिकायची उमेद दिली. प्रश्न त्यापुढचा आहे. ट्रॉफी घेतलेला मुलगा किंवा मुलगी पाच-सहा वर्षांनी म्हणाली, "मला नोकरी नाही, कंपनी काढायची आहे," तर तिला देण्यासारखं आपल्याकडे काय आहे?

माझ्याकडे काय होतं, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमानंतर माझ्या कॉलेजचा एक ज्युनिअर भेटला. मूळचा मालेगावचा, घरात यंत्रमाग. त्याने एक छोटं यंत्र बनवलं होतं. मागाच्या शाफ्टजवळ एक सेन्सर बसवायचा, तो धोट्याची प्रत्येक फेरी मोजतो आणि आकडा मोबाइलवर पाठवतो. कोणता माग किती वेळ बंद होता, किती मीटर कापड निघालं, हे मालकाला दिसतं. आणि मजुरी मीटरवर असल्यामुळे कामगारालाही तोच आकडा दिसतो. आठवड्याच्या हिशेबाच्या दिवशी होणारी भांडणं त्याने लहानपणापासून पाहिली होती, त्यातून ही कल्पना निघाली. मामूच्या कारखान्यात सहा मागांवर त्याने ती चालवून दाखवली होती.

मी खूश झालो. सात-आठ रविवार त्याच्यासोबत बसलो. कोड तपासला, सर्किटमधल्या चुका काढल्या, पिच डेकमधलं इंग्रजी सुधारून दिलं. मग एका रविवारी त्याने जरा अडखळतच विचारलं, "भाई, शंभर यंत्रं बनवायला आणि सहा महिने फिरायला चार लाख लागतील. तुम्ही आणि तुमचे दोस्त मिळून काही होईल का?" मी म्हणालो, "आधी थोडे ग्राहक जमव, मग बघू." तेव्हा माझ्या एफडीत त्याहून जास्त पैसे होते. ग्राहक जमवण्यासाठीच त्याला पैसे हवे होते, हे मला कळत नव्हतं असं नाही.

तो गुंतवणूकदारांच्या एका मेळाव्यात गेला. तिथे त्याला पहिला प्रश्न आला, "आतापर्यंत कोणी पैसे घातले आहेत?" त्याच्या उत्तराची जागा रिकामी होती. दुसरा प्रश्न, "यंत्रमाग म्हणजे नक्की काय?" देशातलं निम्म्याहून अधिक कापड यंत्रमागावर विणलं जातं, हे समोरच्याला माहीत नव्हतं. आणि चहाच्या वेळी एकाने सल्ला दिला की बोलणी करायला 'दुसरा एखादा चेहरा' सोबत घे. त्या सल्ल्याचा अर्थ तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

वर्षभराने त्याने नोकरी धरली. मामूच्या कारखान्यातले ते सहा सेन्सर अजून मोजत आहेत.

हा अनुभव मी अनेकदा मनात उलटसुलट तपासला. मेळाव्यातल्या माणसांवर राग काढणं सोपं आहे. पण त्यांचा पहिला प्रश्न मला जास्त टोचतो, कारण त्या रिकाम्या जागेत माझं नाव असू शकलं असतं.

स्टार्टअपच्या जगात पहिला पैसा गुणवत्तेवर येत नाही, ओळखीवर येतो. त्याला नावच 'फ्रेंड्स अँड फॅमिली राउंड' असं आहे. वडील, काका, शाळेतला मित्र, आधीच्या कंपनीतला बॉस असे लोक दोन-पाच लाख घालतात. ते बुडाले तरी कोणाच्या घरची चूल विझत नाही. त्या पैशावर कच्चं उत्पादन तयार होतं आणि ते घेऊन माणूस मोठ्या गुंतवणूकदाराकडे जातो. मोठा गुंतवणूकदार बघतो की याच्यावर त्याच्या जवळच्यांनी विश्वास ठेवला का. ज्याच्या जवळच्यांकडे विश्वास भरपूर आहे पण बुडवण्याइतका पैसा नाही, तो इथेच गळतो. ही गळती कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही, कारण ती कंपनी स्थापनच झालेली नसते.

ही गोष्ट फक्त मुसलमानांची नाही. सोलापुरातल्या पद्मशाली विणकराची मुलगी, मराठवाड्यातल्या बौद्ध वस्तीतला डिप्लोमाधारक, पालघरचा आदिवासी तरुण, या सगळ्यांची अडचण तीच आहे. स्त्री असेल तर आणखी एक पायरी वाढते. अमेरिकेसारख्या देशातही फक्त स्त्रियांनी स्थापन केलेल्या कंपन्यांना एकूण व्हेंचर भांडवलाच्या सुमारे दोन टक्केच वाटा मिळत आला आहे.

सरकारी योजना नाहीत असं नाही. स्टार्टअप इंडिया १६ जानेवारी २०१६ला सुरू झाली आणि आज नोंदणीकृत स्टार्टअप दीड लाखांच्या वर गेले आहेत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्टँड-अप इंडिया आली. प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या आणि एका स्त्री उद्योजकाला १० लाख ते १ कोटी रुपयांचं कर्ज द्यावं, अशी ती योजना होती, तिची मुदत २०२५ मध्ये संपली. मुद्रा आहे, अल्पसंख्याकांसाठी राष्ट्रीय महामंडळ आहे, आपल्या राज्यात मौलाना आझाद महामंडळ आहे. पण यांतली बहुतेक मदत कर्जाच्या रूपात येते. किराणा दुकान, पिठाची गिरणी, रिक्षा यांना कर्ज उपयोगी पडतं, कारण तिथे गल्ला लवकर सुरू होतो. नव्या उत्पादनाला पहिली दोन वर्षं उत्पन्न नसतं आणि हप्ता मात्र लवकरच दारात येतो. त्याला कर्ज नको, भागीदार हवा.

शिवाय कर्जसुद्धा कुठे सहज मिळतं? सच्चर समितीने २००६च्या अहवालात नोंदवलं होतं की मुस्लिमबहुल भाग काही बँकांनी 'निगेटिव्ह झोन' ठरवले आहेत. आणि आपल्यातली अनेक कुटुंबं व्याजाच्या प्रश्नामुळे बँकेची पायरी चढत नाहीत, हेही खरं आहे. मग याच कुटुंबांना मी विचारतो, मुदारबा आणि मुशारका हे शब्द आपण फक्त बयानात ऐकण्यासाठी ठेवले आहेत का? एकाचा पैसा आणि दुसऱ्याची मेहनत, किंवा दोघांचा पैसा. नफा ठरल्याप्रमाणे वाटायचा आणि व्यवसाय बुडाला तर तोटा पैसा घालणाऱ्याने सोसायचा. शेअर घेऊन केलेली गुंतवणूक या कल्पनेच्या किती जवळ आहे! आपण मात्र प्लॉट घेतो, सोनं घेतो आणि मुलांना सांगतो की धंद्यात रिस्क आहे.

'आपल्या माणसाला मदत' म्हटलं की एक रास्त भीती पुढे येते. २०१९ मध्ये बंगळुरूची आयएमए कोसळली. हलाल गुंतवणुकीच्या नावाखाली हजारो कुटुंबांचे पैसे आणि दागिने तिच्यात अडकले. म्हणून फरक नीट समजून घेऊ. जो दर महिन्याला ठरलेला परतावा देण्याचं वचन देतो, तो स्टार्टअप नाही. खऱ्या स्टार्टअपचा संस्थापक सांगतो की पाच-सात वर्षं काही मिळणार नाही आणि कदाचित सगळंच बुडेल. पहिला धर्माचं नाव घेऊन हिशेब टाळतो, दुसऱ्याचा हिशेब आपण दर तिमाहीला मागू शकतो. जो हिशेब दाखवत नाही, तो कितीही जवळचा असला तरी त्याला एक रुपयाही देऊ नये.

दुसरी गल्लत जकातीची. "जकातीतून काहीतरी द्या ना," असं या विषयावर मला बरेचदा ऐकावं लागतं. जकात हा गरजूंचा हक्क आहे, तिच्या जागी ती राहू द्या. संस्थापक हा याचक नाही. त्याच्याकडे दयेने पाहिलं की आपण त्याला कठीण प्रश्न विचारत नाही आणि प्रश्न न विचारता दिलेला पैसा त्याचंच नुकसान करतो.

मग करायचं काय? माझ्यासारख्या पगारदार लोकांपुरतं सांगतो. पुणे, मुंबई, बंगळुरू, आखात, अमेरिका इथे आपल्यातले बरेच जण आता बऱ्या पगारावर आहेत. दहा जणांनी पन्नास-पन्नास हजार घातले तर पाच लाख होतात. आपल्या आई-खाला भिशी चालवतात, तीच शिस्त इथे हवी. फरक इतकाच की भिशीचा पैसा परत येतो, हा येईलच असं नाही. म्हणून नियम एकच: मुलांची फी, घराचा हप्ता, अम्मी-अब्बांचं औषधपाणी यांना धक्का लागणार नाही एवढीच रक्कम घालायची.

पद्धत कायद्याची हवी. खासगी कंपनी ठरलेल्या ओळखीच्या लोकांना शेअर देऊ शकते, कंपनी कायदा २०१३च्या कलम ४२ खाली. वर्षाला २०० लोकांची मर्यादा आहे, जाहिरात करता येत नाही, पैसे रोखीने घेता येत नाहीत. म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर "गुंतवणूक करा" असा मेसेज फिरवणं चूक आहे. सगळ्यांचा पैसा एका भाईच्या खात्यात जमा करणंही चूक आहे, तिथे सेबीच्या नोंदणीचा प्रश्न येतो. प्रत्येकाने आपल्या खात्यातून थेट कंपनीच्या खात्यात पैसे पाठवायचे आणि आपल्या नावावर शेअर घ्यायचे. मूल्यांकनाचा अहवाल आणि कंपनी सेक्रेटरीची फी हा खर्च छोट्या रकमेला जड जातो. आपल्यातले सीए आणि सीएस तेवढं काम कमी पैशांत करून देतील, तर तीही एक गुंतवणूकच. नव्या कंपनीची जुनी अडचण असलेला एंजल टॅक्स २०२४च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, हा दिलासा आहे.

पैशाइतकीच मोठी दुसरी गोष्ट म्हणजे पहिली ऑर्डर. इथे दलित उद्योजकांकडून शिकण्यासारखं आहे. २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी डिक्की स्थापन केली. तिने कर्जाच्या अर्जांसोबत मोठ्या खरेदीदारांची दारंही ठोठावली. केंद्राच्या २०१२च्या खरेदी धोरणात सरकारी खरेदीपैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून करण्याचं उद्दिष्ट आलं, पुढे २०१८ मध्ये स्त्रियांच्या उद्योगांसाठी ३ टक्के ठरले. आपल्या शाळा, दवाखाने, ट्रस्ट, कारखाने वर्षाला किती खरेदी करतात? त्यातली एक छोटी ऑर्डर, आगाऊ रक्कम देऊन, नव्या माणसाला देता येईल. मालेगावातल्या दहा मालकांनी दहा-दहा यंत्रांची आगाऊ रक्कम दिली असती, तर माझ्या ज्युनिअरला माझ्या एफडीची गरजही पडली नसती.

हा पैसा फक्त मुसलमानांना द्यावा का? माझं उत्तर नाही असं आहे. अमेरिकेत अटलांटाच्या फिअरलेस फंडने कृष्णवर्णीय स्त्री उद्योजकांसाठी २० हजार डॉलर्सची अनुदान स्पर्धा ठेवली होती. २०२३ मध्ये तिच्यावर खटला झाला, जून २०२४ मध्ये न्यायालयाने ती थांबवली आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती कायमची बंद झाली. ज्या कायद्याचा आधार घेतला गेला, तो १८६६ साली नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या लोकांच्या रक्षणासाठी केलेला होता. आपला देश आणि आपले कायदे वेगळे आहेत, पण त्या प्रकरणाने मला विचार करायला लावलं. आपली कसोटी जात किंवा धर्म का असावी? 'ज्याच्या घरात पहिला चेक लिहू शकणारं कोणी नाही' ही कसोटी पुरेशी आहे. तिच्यात आपली मुलं येतीलच, आणि विणकराची, ऊसतोड कामगाराची, कचरा वेचणाऱ्या बाईची मुलंही येतील. ज्या न्यायासाठी आपण दुसऱ्यांचे दरवाजे ठोठावतो, तोच न्याय आपल्या दाराशी दिसायला हवा.

मागच्या महिन्यात मी त्या ज्युनिअरला फोन केला. माफी मागितली आणि विचारलं, पुन्हा सुरू करशील का? तो हसला. "भाई, आता घराचा हप्ता आहे, बहिणीचं लग्न आहे. आता नाही जमणार." थोडं थांबून म्हणाला, "पण तुम्ही ग्रुप करताय ना, तर पंचवीस हजार माझे धरा."

आम्ही आता सहा जण आहोत. महिन्याच्या पहिल्या रविवारी भेटतो, एका संस्थापकाला बोलावतो, दोन तास प्रश्न विचारतो. पहिला चेक अजून लिहिलेला नाही, कागदपत्रं सुरू आहेत. त्यातून किती उभे राहतील, किती बुडतील, काय सांगावं. पण पुढच्या वेळी कोणी आपल्या मुलाला किंवा मुलीला विचारलं, "आतापर्यंत कोणी पैसे घातले आहेत?" तर ती जागा रिकामी नसावी. यंदाच्या सत्कार समारंभाच्या आयोजकांना माझी एवढीच विनंती आहे. ट्रॉफ्या थोड्या लहान करा, आणि व्यासपीठावर बसलेल्या पाहुण्यांना विचारा की शाल घालून झाल्यावर तुम्ही यांच्यापैकी एकाच्या कामात किती पैसे घालणार आहात. मलाही विचारा.