शाल, श्रीफळ आणि मजुरी

चर्चासत्र कामगार साहित्यावरचे असो की ग्रामीण कवितेवरचे, चहाच्या सुटीत एक संवाद हटकून कानी पडतो. "साडी सुरेख आहे हो तुमची, कुठली?" "महेश्वरी. हातमागाची आहे, दुकानातली नव्हे." विचारणाऱ्या बाईंची स्वतःची साडी इरकली असते, शेजारी उभ्या असलेल्या सरांचा झब्बा खादीचा असतो आणि अर्ध्या तासापूर्वी याच मंडळींपैकी कोणीतरी व्यासपीठावरून नारायण सुर्वे यांच्या कवितेतील श्रमाविषयी जड आवाजात बोललेले असते. या वेशाला आमचा आक्षेप नाही. आम्हीही तोच घालतो. आक्षेप आहे तो त्या वेशाबरोबर अंगावर चढणाऱ्या समाधानाला. आपण कपड्यांच्या बाबतीत तरी शोषणात सामील नाही, असे ते समाधान सांगते. अलीकडे त्याला 'नैतिक फॅशन' असे भारदस्त नाव मिळाले आहे. हे समाधान खोटे आहे, असे आमचे म्हणणे आहे.

मुळात 'नैतिक' आणि 'फॅशन' ही जोडीच संशयास्पद आहे. जे वस्त्र अजून फाटलेले नाही, विटलेले नाही, ते जुने झाले आहे असे माणसाला पटवून देणे, यावर फॅशनचा सारा व्यवहार चालतो. ज्या कपाटात तीस झब्बे आहेत त्यात एकतिसावा सेंद्रिय कापसाचा येऊन पडला म्हणजे ते कपाट सदाचारी कसे होते, हे आम्हांला कोणी समजावून सांगावे. पूर्वी पापक्षालनासाठी तीर्थयात्रा करावी लागे. आता प्रदर्शनाला जाऊन कार्ड पुढे केले की पुरते.

बरे, ज्या विणकरासाठी म्हणून आपण चार पैसे जास्त मोजतो, त्याचे काय? २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत विणकर आणि पूरक कामे करणारे मिळून ३५ लाखांवर माणसे नोंदली गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. आणि जवळजवळ दोन-तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत होते. हातमागाची खूण असलेली चिठ्ठी कापड कशावर विणले ते सांगते. विणणाऱ्या हाताला काय मिळाले, हे ती सांगत नाही. आपणही विचारत नाही. रंग नैसर्गिक आहे का, धुतल्यावर जातो का, हे मात्र दहादा विचारतो.

कपडा आणि नीती यांचे नाते पाश्चात्त्य मासिकांतून आपल्याकडे आले, असे मानणाऱ्यांनी मराठी इतिहासाकडे जरा पाहावे. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबारात खादी नेसून गेले होते. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली, ती पेटवण्यात विद्यार्थी पुढे होते. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला विदेशी कापड वाहणाऱ्या ट्रकपुढे बाबू गेनू आडवा झाला आणि चिरडला गेला. कपड्याच्या खरेदीसाठी प्राण देणारा हा तरुण स्वतः गिरणी कामगार होता, हे आपण फार लवकर विसरलो. कारण स्वदेशीने कापड कोणत्या देशात झाले हे विचारले, नफा कोणाच्या देशात जातो हेही विचारले. पण ते विणणाऱ्याला किती मिळाले, हा प्रश्न त्या चळवळीने क्वचितच तितक्या जोराने विचारला. मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्तानंतरही साचे चालू राहू लागले. तिथले कापड स्वदेशीच होते.

पुढचा भाग आपण वर्गात शिकवतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते आणि त्यांपैकी असंख्य पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. जयंत पवारांचे 'अधांतर' आपण अभ्यासक्रमात लावतो, त्यावर प्रबंध लिहवून घेतो. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल उभा आहे. जिथे कापड विणले जाई तिथे आता तयार कपडे विकले जातात आणि ते शिवणारे हात कोठे आहेत ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. 'अधांतर'वर व्याख्यान देऊन संध्याकाळी त्याच परिसरात सवलतीच्या दोन पँटी घेणारा प्राध्यापक ढोंगी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. तो आमच्यासारखाच आहे. मात्र त्याच्या व्याख्यानाचा आणि त्याच्या पिशवीचा काही संबंध आहे, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. आमची तक्रार एवढीच आहे.

इथवर वाचून काही वाचक सुखावले असतील: म्हणजे साधेपणा हाच उपाय, नवे कपडे घेणे हीच हाव. त्यांनी थोडे थांबावे. साधेपणाचा उपदेश करण्यापूर्वी तो कोण कोणाला करतो आहे, हे पाहावे लागते. 'मनुस्मृती'च्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांची वस्त्रे ल्यावीत, अशी आज्ञा आहे. त्या ग्रंथाचे दहन महाडला २५ डिसेंबर १९२७ ला झाले आणि त्याच परिषदेच्या वेळी स्त्रियांपुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितले. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' ज्यांनी वाचले आहे त्यांना ठाऊक असेल, की महार स्त्रीने लुगड्याचे काठ दिसणार नाहीत अशा बेताने निऱ्या घालायच्या, हा गावाचा दंडक होता. काठ दिसणे हा वरच्यांचा मान होता. ज्या समाजाला शतकानुशतके दुसऱ्याचे उतरलेले कापड नेसावे लागले, त्याच्या दृष्टीने कोरा कपडा ही चैन नव्हे. बाबासाहेबांचा कोट आणि गांधीजींचा पंचा यांची तुलना करून कोटाला नाके मुरडणारे आजही भेटतात. पंचा नेसणे हा त्यागाचा अर्थ त्यालाच लाभतो, ज्याच्यापाशी त्यागण्याजोगे काही असते.

म्हणून वस्तीतला पोर रस्त्यावरून दोनशे रुपयांचा टी-शर्ट घेऊन मित्रांत मिरवतो, तेव्हा 'स्वस्त कपड्यांची संस्कृती' म्हणून त्याच्यावर लेख लिहिणाऱ्यांची आम्हांला चीड येते. तो टी-शर्ट तो विटेपर्यंत वापरील. मग त्याने दुचाकी पुसली जाईल. वापराचा हिशेब मांडला तर गुन्हेगार तो ठरणार नाही. ज्यांच्या कपाटाचे दार लागत नाही ते आपण ठरू.

शिवाय किंमत हा नीतीचा पुरावा नव्हे. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. बहुतेक जण कपडे शिवणारे कामगार होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकाने बंद ठेवण्यात आली, शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावले गेले. ढिगाऱ्यात सापडलेल्या चिठ्ठ्या स्वस्त दुकानांच्याही होत्या आणि बऱ्यापैकी महागड्या नावांच्याही. आणखी लक्षात ठेवण्याजोगे हे, की त्या इमारतीतील काही कारखान्यांची सामाजिक तपासणी आधी होऊन गेली होती. कागद नीट होते.

हे बांगलादेशातलेच, असेही समजण्याचे कारण नाही. तामिळनाडूच्या सूतगिरण्यांत 'सुमंगली' या मंगल नावाच्या योजनेखाली गरीब घरच्या मुली तीन-तीन वर्षे वसतिगृहांत ठेवून राबवल्या गेल्या. मुदत भरली की एकरकमी पैसे मिळतील, ते हुंड्याला होतील, हे आमिष होते. २०२१ च्या जानेवारीत त्याच राज्यात कपड्यांच्या कारखान्यातील एका तरुण दलित कामगार स्त्रीचा खून झाला आणि कारखान्यांतील लैंगिक छळाच्या हकिकती उघड्यावर आल्या. तिथल्या स्त्रियांच्या पुढाकाराच्या संघटनेने लढा दिला आणि २०२२ साली परदेशी खरेदीदारांना बांधून घेणारा करार पदरात पाडून घेतला. तो दिंडिगुल करार म्हणून ओळखला जातो.

आता आमच्या डाव्या मित्रांचा ठरलेला आक्षेप येईल: एकट्यादुकट्याने कपडे कमी घेऊन काय होणार, व्यवस्था बदलायला हवी. खरे आहे. राणा प्लाझानंतर बांगलादेशातील कारखान्यांच्या इमारती थोड्याफार सुरक्षित झाल्या त्या कोणा ग्राहकाच्या उपरतीमुळे नव्हे. कामगार संघटना आणि खरेदीदार कंपन्या यांच्यात २०१३ च्या मे महिन्यात कायद्याने बांधणारा करार झाला, त्यामुळे झाल्या. तेव्हा व्यक्तिगत सदाचरणाची मर्यादा आम्हांला मान्य आहे. पण 'व्यवस्था बदलायला हवी' हे वाक्य आपल्याकडे बहुधा स्वतः काहीच न बदलण्यासाठी उच्चारले जाते, हा आमचा अनुभव आहे.

शिवाय व्यक्ती आणि व्यवस्था यांच्या मध्ये एक गोष्ट असते, तिचे नाव संस्था. आपण कपडे एकेकटे घेतो, तसे ते एकत्रही घेतो. स्नेहसंमेलनाचे एकरंगी टी-शर्ट, स्वयंसेवकांची जाकिटे, चर्चासत्राच्या कापडी पिशव्या, शाळेचे गणवेश. आणि अर्थातच शाल.

मराठी साहित्यव्यवहारातील सर्वांत मोठी वस्त्रखरेदी कोणती, याचा विचार कोणी केला आहे काय? आमच्या मते ती सत्काराच्या शालींची. उद्घाटकाला एक, अध्यक्षांना एक, बीजभाषकाला एक, प्रत्येक सत्राच्या अध्यक्षांना एकेक, आणि देणगीदाराला थोडी बरी. गठ्ठ्याने घेतलेली ही शाल बहुधा ॲक्रिलिकची असते. ती ऊब देत नाही आणि घाम टिपत नाही. छायाचित्रापुरती खांद्यावर राहून ती घडी होऊन कपाटात जाते आणि तेथून दुसऱ्याच्या सत्काराला. तिचे सूत कोणी कातले, ती कोणत्या यंत्रमागावर, किती तासांच्या पाळीत विणली गेली, हे देणाऱ्याला ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही. भाषण मात्र श्रमप्रतिष्ठेवर होते. गाडगेबाबांच्या चिंध्यांचा गौरव करणाऱ्या वक्त्यालाही आपण शेवटी हीच शाल पांघरतो.

विद्यापीठांना या बाबतीत काही करता येते, याचे उदाहरण उपलब्ध आहे. अमेरिकेत विद्यापीठांची नावे छापलेल्या टी-शर्टांचा आणि टोप्यांचा मोठा धंदा आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या विद्यार्थ्यांनी 'हे कपडे कोठे शिवले जातात ते सांगा' म्हणून विद्यापीठ प्रमुखांच्या कार्यालयांत ठिय्या दिला. त्यातून २००० साली वर्कर राइट्स कन्सॉर्शियम ही संस्था निघाली. कारखान्यांची नावे जाहीर करणे भाग पडले. २००९ मध्ये होंडुरासमधला एक कारखाना बंद करण्यात आला. तिथल्या कामगारांनी संघटना बांधली होती. अनेक विद्यापीठांनी त्या कंपनीशी असलेले करार तोडले, आणि वर्ष संपण्यापूर्वी कंपनीला कारखाना पुन्हा उघडून सुमारे १,२०० कामगारांना कामावर घेण्याचे कबूल करावे लागले. ही मुले काही क्रांतिकारक नव्हती. आपल्या अंगावरच्या टी-शर्टवर आपल्या विद्यापीठाचे नाव आहे, एवढेच त्यांनी मनावर घेतले.

आपल्या महाविद्यालयांत दरपत्रके मागवताना 'किंमत' आणि 'मुदत' असे रकाने असतात. 'कोठे शिवले' आणि 'मजुरी काय' असे आणखी दोन रकाने आखायला कोणत्या क्रांतीची गरज आहे? पुरवठादार आधी हसेल. दहा महाविद्यालयांनी विचारले तर हसणार नाही. घरी बसून नगावर काजे-बटणे करणाऱ्या आणि दोरे कापणाऱ्या बायका बहुधा आपल्याच शहरात असतात, त्यांतल्या काहींच्या मुली आपल्याच वर्गात बसतात. विचारायचेच ठरवले तर दूर जावे लागणार नाही.

आणि वैयक्तिक सवयीचे म्हणाल, तर आमच्या भाषेत 'जुनेर' हा शब्द आहे. मधोमध विरलेल्या लुगड्याचा तो भाग काढून टोके एकमेकांना शिवण्याला 'दंड घालणे' म्हणत. त्यानंतर त्याची गोधडी होई, गोधडीचे पायपुसणे. यात रमणीय काही नव्हते. ते दारिद्र्य होते आणि ते टाके रात्री जागून बाईच घालत असे. ते दिवस परत यावेत असे आम्ही म्हणत नाही. मात्र वस्त्र संपेपर्यंत वापरता येते, हे ज्ञान त्या बाईला होते. आपल्याला रफू करणारा शोधूनही सापडत नाही, कारण आपण त्याच्याकडे जाणे सोडले.

आम्ही लिहिणाऱ्या मंडळींनी आपापल्या कपाटांतील सत्काराच्या शाली मोजल्या. चौघांत मिळून एकोणतीस भरल्या. एकही कधी पांघरलेली नाही. यापुढे निमंत्रण आले तर होकाराबरोबर एक ओळ लिहावी असे आम्ही ठरवले आहे: शाल नको, आणि द्यायचीच असेल तर ती कोणी विणली व त्याला काय मिळाले ते व्यासपीठावरून सांगावे. निमंत्रणे कमी होतील, हे उघड आहे. नारळाला आमची हरकत नाही.