आधी खोली पाडा, मग वही लिहा



२५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात, पिपलोदी गावच्या सरकारी शाळेचे छत सकाळी प्रार्थनेच्या वेळी कोसळले आणि सात मुले गेली. छतातून खडे पडताहेत असे आम्ही आधीच सांगितले होते, हे वाचलेल्या मुलांनीच नंतर सांगितले. राजस्थान दूर वाटत असेल तर आपल्या राज्यातले निंबोडी आठवा. २८ ऑगस्ट २०१७ रोजी नगरजवळच्या या गावी भर पावसात जिल्हा परिषद शाळेचे छत खाली आले आणि तीन मुले दगावली. तेही दूर वाटत असेल तर अमरावतीचा प्रभात चौक आठवा. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी तिथली शिकस्त इमारत पडून पाच माणसे मेली. इमारत शिकस्त आहे हे कागदावर आधीपासून नोंदलेले होते. शिकस्त खोली वाईट, मुलाचा जीव मोलाचा, हे पटवून द्यायला हे पत्रक काढलेले नाही. ते आपल्या धनज गावातल्या प्रत्येक घराला कळते. हे पत्रक एका शब्दाविरुद्ध आहे. तो शब्द आहे ‘निर्लेखन’.

शब्द ऐकून वाटते की इथे लिहिणे संपत असेल. खरे तर लिहिणे इथूनच सुरू होते. शाळेची खोली शिकस्त झाली, भिंतीला बोटभर भेग पडली, सागवानी कैचीला उधई लागली, की ती पाडायची परवानगी मागावी लागते आणि त्या परवानगीची वाट निर्लेखनातून जाते. आधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. मग ग्रामपंचायतीचा ठराव. मग मुख्याध्यापकाचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्याकडे. तिथून तो बांधकाम उपविभागाकडे. अभियंत्याने येऊन पाहायचे, खोली वापरण्यास अयोग्य असल्याचा दाखला द्यायचा आणि निघणाऱ्या टिनांची, लाकडाची, दगडांची किंमत काढायची. मग कागद जिल्ह्याला, शिक्षण विभागाच्या टेबलावर, बांधकाम विभागाच्या टेबलावर, पुढे मंजुरीच्या अधिकाऱ्याकडे किंवा सभेपुढे. मंजुरी आली की सामानाचा लिलाव. लिलावाला कुणी फिरकले नाही की पुन्हा लिलाव. एखाद्या टेबलावर ‘फोटो जोडलेले नाहीत’ असा शेरा पडला की कागद उलट्या पावली गावात आणि सगळे पहिल्यापासून. जिल्ह्यागणिक एखादे टेबल कमी-जास्त असेल, वाट हीच आहे. या वाटेवर ‘ही खोली पडेल का?’ हा प्रश्न एकदाच विचारला जातो, अभियंता भिंतीसमोर उभा असतो तेव्हा. बाकी सगळे टप्पे दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर शोधत असतात: यातून सरकारला किती रुपये मिळतील?

माझे सारे म्हणणे इथेच आहे. निर्लेखन हे हिशेबाचे काम आहे. सरकारी मालमत्तेच्या नोंदवहीत एक खोली लिहिलेली आहे. ती आता नाही म्हणून तिची नोंद कमी करायची, सामानाचे पैसे जमा दाखवायचे, एवढाच त्याचा अर्थ. हे काम गरजेचे आहे, ते नीट व्हावे, त्याचे लेखापरीक्षणही व्हावे. पण पडायला आलेली भिंत उतरवणे हे जीव वाचवण्याचे काम आहे. या दोन कामांना कुणीतरी एकाच दोरीने बांधून ठेवले आणि जमाखर्चाला पुढे जुंपले. वहीतून खोली निघत नाही तोवर ती जमिनीवरून निघायची नाही, असा हा उलटा कारभार आहे. ज्याच्या गोठ्याची भिंत वाकली तो शेतकरी आधी बैल सोडतो, मग भिंत उतरवतो आणि दगडांचे काय करायचे ते दिवाळीनंतर बघतो. दगडांचा भाव ठरेपर्यंत बैल आत बांधून ठेवणारा माणूस या तालुक्यात सापडणार नाही. तो फक्त फायलीत सापडतो.

वहीचा आग्रह धरणाऱ्यांनी निदान वहीचा इतिहास तरी बघावा. प्रस्तावात खोलीच्या बांधकामाचे वर्ष आणि मूळ खर्च विचारतात. आपल्या वऱ्हाडातल्या जुन्या कवेलूच्या, टिनाच्या खोल्यांचे वर्ष सांगायचे कुणी? १९५६ पर्यंत हा मुलूख मध्य प्रदेशात होता. मग द्विभाषिक मुंबई राज्य आले, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशिम वेगळा निघाला. एवढ्या हस्तांतरांत जुने कागद कुठल्या कपाटात राहिले असतील ते असोत. पण १९५५ साली बांधलेल्या भिंतीचा खर्च किती, हे न कळल्यामुळे आज ती भिंत उतरवता येत नाही, असे म्हणणाऱ्याला मी नियमाचा जाणकार म्हणणार नाही. त्याला नियम समजलाच नाही. शिवाय आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि दरसाल पाया थोडा थोडा हलवते. तीन दिवसांची झड लागली, मग उघडीप पडून ऊन आले, की जुनी भिंत बसते, हे इथल्या जाणत्यांना पाठ आहे. ती भिंत पुढच्या सभेची तारीख विचारत नाही.

आता कायद्याचे आकडे बघा. शहरातल्या माणसाला स्वतःच्या घराचा भाग पाडायचा तरी परवानगी लागते, कारण महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येतच इमारत किंवा तिचा भाग पाडणे धरले आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ४५ ने अर्जदाराला एक आधार दिला आहे: ६० दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे मानायचे. खासगी घर धोकादायक झाले तर मुंबईत १८८८ च्या कायद्याचे कलम ३५४ आणि इतर महापालिकांत १९४९ च्या कायद्याचे कलम २६४ मालकाला ते पाडायला लावते आणि त्याने न पाडल्यास पालिकेला पाडायचा अधिकार देते. तिथे कुणी मालकाला विचारत नाही की तुमच्या सागाची सरकारी बोली काय ठरली. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी बुलडोझरच्या मनमानीविरुद्ध निकाल दिला, तेव्हा माणसे राहत असलेले घर पाडण्यापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस द्या असे सांगितले. राहत्या घराला, जिथे चूल पेटते आणि म्हातारे-कोतारे असतात, त्याला १५ दिवस. बांधकामाच्या अर्जाला ६० दिवस. आणि ज्या खोलीत कुणी राहत नाही, जी पाडू नका म्हणून कुणी कोर्टात जाणार नाही, जिच्याबद्दल गावाचा, शिक्षकांचा आणि अभियंत्याचा एकच अभिप्राय आहे, तिला मुदतच नाही. प्रस्ताव एका शैक्षणिक वर्षातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जातो. पहिलीतले पोर चौथी पास होऊन जाते, खोली तिथेच.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते: खोली बंद आहे, कुलूप लावले आहे, दारावर लाल रंगात ‘धोकादायक’ लिहिले आहे, आणखी काय करायचे? हे उत्तर देणाऱ्याने मधल्या सुट्टीत दहा मिनिटे शाळेच्या अंगणात उभे राहावे. कुलूप दाराला असते. भिंत बाहेरही पडते, आणि बाहेर तिच्याच सावलीत पोरे डबा खातात, तिच्यावरच चेंडू आपटतात. आपल्या जुन्या शाळा एका रांगेत बांधलेल्या आहेत. बंद खोलीची आडभिंत हीच शेजारच्या चालू वर्गाची भिंत. कैची एका अंगाने बसली की तिचा भार त्या भिंतीवर येतो, आणि पलीकडे दुसरीचा वर्ग पाढे म्हणत असतो. लाल रंगाने धोका कमी झाला नाही. आपल्याला माहीत होते, एवढाच पुरावा त्याने तयार केला. उद्या काही घडले तर हीच लाल अक्षरे ‘आम्ही सूचना दिली होती’ म्हणून दाखवली जातील आणि दोष पोरांच्या खेळण्यावर जाईल. या उत्तराची मला सगळ्यात जास्त चीड येते.

दुसरे उत्तर: खोली पाडली तर मुले बसवायची कुठे? प्रश्न बरोबर आहे, विचारणारा चुकीचा आहे. शिकस्त खोलीतली मुले आजच व्हरांड्यात, समाजमंदिरात किंवा दोन वर्ग एकत्र करून बसतात. खोली उभी राहिल्याने त्यांना एक चौरस फूटही जास्त मिळत नाही. उलट लहान आवाराच्या शाळेत नवी खोली बांधायला जागा दाखवा म्हणतात, तेव्हा त्याच जागेवर जुनी खोली उभी असते. जुनी हलत नाही म्हणून नवी होत नाही, नवी होत नाही म्हणून जुनी हलवायला कुणी धजत नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली आणि सर्व ऋतूंत टिकणारी इमारत असे साफ लिहिले आहे. त्याआधी, तमिळनाडूतल्या कुंभकोणम इथे २००४ साली शाळेच्या आगीत नव्वदहून अधिक मुले गेली, त्यानंतरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगून ठेवले की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. मुले बसवण्याची सोय करणे हे पालकाचे काम नाही, गावाने वर्गणी काढून करायचेही नाही.

तिसरे उत्तर जरा समजून घ्यायला हवे, कारण ते भीतीतून येते. मंजुरीविना खोली पाडली तर मुख्याध्यापकावर वसुली निघेल, सरपंचावर सरकारी मालमत्तेच्या नुकसानीचा ठपका येईल, सागवान रातोरात गायब होईल. ही भीती खोटी नाही. चांगले लाकूड असलेली धड खोली शिकस्त ठरवून सामान लंपास करण्याचा मोह माणसाला होऊ शकतो, आणि म्हणून अभियंत्याचा दाखला हवाच. तो मी सोडायला सांगत नाही. पण चोरी थांबवायला काय लागते? चारी बाजूंचे तारखेसकट फोटो, पाच पंचांसमोर पंचनामा, टिने आणि लाकडाची मोजदाद, आणि सगळे सामान ग्रामपंचायतीच्या ताब्यात दिल्याची पावती. एका दिवसाचे काम आहे. मग त्या सामानाचा लिलाव सहा महिन्यांनी होवो की दोन वर्षांनी, टिनाखाली कुणी बसलेले नसेल. आणि आजची पद्धत सामान तरी राखते का? चार पावसाळे अंगावर घेतलेल्या सागाला उधई खाते, टिनाला गंज खातो. मालमत्ता जपण्याच्या नावाखाली मालमत्ताही गेली आणि धोकाही राहिला.

सभा झाली नाही, पदाधिकारी नाहीत, विषय पटलावर आला नाही, ही सबब तर ऐकूनही घेऊ नका. २०२२ पासून राज्यातल्या अनेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. सभेचे अधिकार प्रशासकाच्या एका सहीत आले. जिथे एक सही पुरेशी होती तिथेही कागद अडून राहिला असेल, तर तो सभेअभावी अडला नव्हता. माहिती नव्हती असेही कुणी म्हणू नये. किती खोल्या चांगल्या, किती मोठ्या दुरुस्तीच्या, हे प्रत्येक शाळा दरवर्षी यू-डायस या सरकारी माहिती-फॉर्ममध्ये भरून देते. पिपलोदीनंतर दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने सगळ्या राज्यांना शाळांची सुरक्षा तपासणी करायला सांगितले. तपासणी झाली की यादी होते. आपल्याकडे यादी झाली की काम झाले असे समजतात.

मागणी साधी आहे. अभियंत्याने जागेवर ‘वापरण्यास अयोग्य’ असा दाखला दिला की त्याच दाखल्यावर पंधरा दिवसांत खोली उतरवायची. निर्लेखन, मूल्यांकन, लिलाव मागाहून. दाखला मागितल्यापासून पंधरा दिवसांत अभियंता आलाच नाही, तर गावच्या पंचनाम्यावर तहसीलदाराने आदेश द्यावा. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली धोका टाळण्यासाठी कोणत्याही खात्याला कामाला लावण्याचा अधिकार जिल्हा प्राधिकरणाकडे आहेच. आणि प्रस्तावाला ६० दिवसांत उत्तर नसेल तर ते मानीव निर्लेखन धरावे. शहरातल्या बांधकामाच्या अर्जाला जी सवलत मिळते ती वर्गखोलीला नाकारायचे कारण कुणी मला जाहीरपणे सांगावे. हे सगळे मे महिन्यात व्हायला हवे. विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात आणि त्याच सुमारास पाऊस जोर धरतो. मे रिकामा गेला तर पुढचे चार महिने नुसते आभाळाकडे बघत काढावे लागतील.

म्हणून १ मेच्या ग्रामसभेला घरटी एक माणूस या. आई आली तर आणखी चांगले. भाषण करू नका. दोन प्रश्न विचारा आणि उत्तर कार्यवृत्तात लिहून घ्या: आपल्या शाळेत शिकस्त खोली आहे का, आणि असेल तर प्रस्तावाचा जावक क्रमांक व तारीख काय? उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका आणि अर्जात स्पष्ट लिहा की ही माहिती जीविताशी संबंधित आहे. त्या कायद्याच्या कलम ७ नुसार अशा माहितीसाठी ३० दिवस थांबावे लागत नाही. ती ४८ तासांत द्यावी लागते.