गांधींच्या हाती अणुबॉम्ब

१९९१ साली अमेरिकेत निघालेल्या ‘सिव्हिलायझेशन’ या संगणकावरील राज्यखेळातले गांधी अणुबॉम्ब टाकतात, ही गोष्ट खेळाडू चवीने सांगतात. गणिताच्या चुकीतून हे घडले, ही आख्यायिका खेळाचे जनक सिड मायर यांनी २०२० च्या आत्मवृत्तात फेटाळली. मात्र २०१० च्या पाचव्या आवृत्तीत रचनाकार जॉन शेफर यांनी १० च्या मापावर गांधींचा अण्वस्त्रांकडील ओढा गंमत म्हणून १२ ठेवला.

या गमतीवर संतापण्याचे कारण नाही. एका आकड्याने अहिंसेला बाध येत नाही. संताप यावा तो ज्यांवर कोणीच हसत नाही, त्या नियमांचा. मूळ खेळात प्रजेचा असंतोष म्हणजे करवसुली थांबवणारी अव्यवस्था. तिच्यावर उपाय कोणते? देवळे बांधा, चैनीवर खर्च वाढवा, राजेशाही वा हुकूमशाही असेल तर शहरात फौज ठेवा! जमीन कोणाची, श्रम कोणाचे, हे विचारण्याची तेथे सोयच नाही. आयुष्यात एकही सरकारी पद न घेतलेल्या गांधींना राज्यकर्ता केले आहे. मिठाचा कायदा मोडणाऱ्या सामान्य माणसाला मात्र जागा नाही.

खरा छुपा विनोद हाच: राज्य म्हणजे वरून हलवायचा पट आणि जनता म्हणजे सोंगट्या. खेळ म्हणून तो खुशाल खेळावा. राज्यकारभाराचा धडा म्हणून कार्यकर्त्यांनी तो गिरवू नये. १९३० साली दांडीपासून साम्राज्याचा पट उधळू लागला, तो या सोंगट्यांनीच!